टेबल टेनिस काढलं, तर कुणाला काय पडलंय?

सकाळी मिसळ खायला गेलेलो, तिथं ग्लासगो कॉमनवेल्थ गेम्सचा विषय निघाला. २०२६ ला कुस्ती नाही म्हणून सगळे पेटलेले. बरोबरच आहे, खासबागच्या कुस्ती मैदानाच्या गावात, कोल्हापुरात, कुस्तीसाठी कोण पेटणार नाही? मी म्हटलं, टेबल टेनिसपण काढलंय. तर एकजण हसला, "ते काय, लंच टायमातला टाइमपास, जाऊ दे की."

जाऊ दे की म्हणे!

अरे २००२ च्या मँचेस्टरपासून प्रत्येक कॉमनवेल्थला आहे हा खेळ. २०१८ ला गोल्ड कोस्टला मनिका बत्रानं सिंगल्सचं गोल्ड मारलं, वर फायनलला सिंगापूरला हरवून टीमचं पण. २०२२ ला शरथ कमलनं वयाच्या ४० व्या वर्षी सिंगल्स, मिक्स्ड आणि टीम अशी तीन गोल्ड आणली. भाविना पटेलनं व्हीलचेअरवर बसून गोल्ड घेतलं, आता पॅरा टेबल टेनिसपण नाही. टाइमपास होय?

माझी भाची खेळते. तिच्या हॉलमध्ये लगीनसराई आली की टेबल मिटवून भिंतीला. एकदा तर मिटवलंपण नाही, वर जिलेबीची पातेली मांडलेली, मी डोळ्यानं बघितलंय. पोरगी काय बोलली नाही, ओलं फडकं घेऊन पाक पुसत बसली. पाकावर बॉल नीट उसळत नाही हो, २.७ ग्रॅमचा बॉल तो, पंख्याच्या वाऱ्यानं पण वाट बदलतोय, म्हणून ही पोरं मे महिन्यात पंखे बंद करून खेळतात आणि आपण म्हणायचं घाम फक्त तालमीत गळतोय.

ठीकाय, २०२३ ला आधीच्या यजमानानं, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं, खर्चाला भिऊन अंग काढलं, ग्लासगोनं ऐनवेळी चार मैदानांत उरकायचं ठरवलं, काहीतरी कापावं लागणारच, मान्य. पण कुस्तीला रडायला अख्खं कोल्हापूर आहे, भाचीच्या या खेळासाठी निदान एक हळहळ तरी?

२०२३ च्या हांगझोऊ एशियाडला सुतीर्था आणि अयहिका मुखर्जीनं चीनच्या वर्ल्ड चॅम्पियन जोडीला चीनमध्येच पाडलं. भाचीनं ती मॅच मोबाईलवर इतक्यांदा बघितली की बहिणीचा नेटपॅक संपला. त्या दिवशी पण हॉलमध्ये कुणाचं तरी बारसं होतं, प्रॅक्टिस बंद.

२०३० ला अहमदाबादच्या कॉमनवेल्थला टेबल टेनिस परत आहे म्हणतात, चांगलंय. ती तिथवर पोचेल असं मी म्हणत नाही, मामा असलो म्हणून काय झालं. पण हॉलवाल्यांनो, जेवणावळीला दुसरी टेबलं भाड्यानं मिळतात की राव, पैसे मी देतो, फोन करा.