क्वेकरांचा बंदोबस्त कसा करावा

समजा तुम्ही सतराव्या शतकातले इंग्लंडचे पाद्री आहात. प्रवचन बरं जमतंय, दशमांश (लोकांच्या उत्पन्नातला चर्चचा दहावा हिस्सा) वेळेवर येतोय, आणि अशात चांभाराकडे उमेदवारी केलेला कुणी जॉर्ज फॉक्स गावोगाव सांगत सुटतो की देवाचा उजेड प्रत्येकाच्या आतच आहे, त्यासाठी पगारी पाद्री लागत नाही. त्याच्या मागे जाणारे हे लोक म्हणजे क्वेकर. म्हणजे थेट पोटावरच पाय की! घाबरू नका, उपाय आहेत.

आधी शिक्का मारा, मुद्द्यांना उत्तरं देत बसलात तर दिवस मावळेल. विल्यम प्रिन नावाच्या वकिलाने १६५५ लाच छापून टाकलं की क्वेकर म्हणजे आतून जेझुइट आणि फ्रान्सिस्कन, म्हणजे पोपच्या कॅथलिक पंथातले साधू. आता ज्यांना साधा पाद्री चालत नाही ते पोपची माणसं कशी, असं कुणी विचारलंच तर त्यालाही जेझुइट म्हणा, हाय काय नि नाय काय.

मग शपथ घ्यायला लावा. हे हुकमी. येशूनेच नको म्हटलंय म्हणून हे लोक शपथ घेत नाहीत, आणि नाही घेतली की जेल. फक्त हातात बायबल देताना जरा जपून, कारण १६६४ ला लँकेस्टरच्या कोर्टात फॉक्स म्हणाला, शपथ घेऊ नका असं या पुस्तकातच लिहिलंय, मग मला आत टाकता आणि पुस्तकाला मोकळं सोडता ते कसं काय?

आणि आत टाकल्यावर शाई-कागद काढून घ्या हो! इथेच सगळे फसले. मार्गारेट फेल या क्वेकर बाईंनी जेलमध्ये बसून, बायकांनी धर्माबद्दल बोलावं हे बायबलचेच दाखले देऊन लिहिलं, १६६६ ला छापूनही आलं. विल्यम पेन या दुसऱ्या क्वेकराला एका पुस्तकासाठी लंडनच्या टॉवरमध्ये कोंडलं तर त्याने तिथे दुसरं लिहिलं. (हेही काही गरीब गाय नव्हते. फॉक्सने १६५९ ला ढीगभर विरोधकांना एकदम उत्तर दिलं त्या ग्रंथाचं नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही.)

तरी वाद घालायचाच असेल तर तिकडे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड वसाहतीचा पाद्री रॉजर विल्यम्स आठवा. धर्मस्वातंत्र्याचा एवढा कैवारी की क्वेकरांना जेलमध्ये टाकणार नाही, पण त्यांचं पटत तर अजिबात नाही, म्हणून १६७२ ला सत्तरीच्या घरात दिवसभर होडी वल्हवत मध्यरात्रीच्या सुमाराला तिथलंच न्यूपोर्ट गाव गाठलं, तर तिकडे आलेला फॉक्स आधीच निघून गेलेला. मग त्याच्या साथीदारांशी तीन दिवस तिथे, एक दिवस प्रॉव्हिडन्सला वाद, त्यावर पुस्तक, आणि त्या पुस्तकावर फॉक्सचं उलट पुस्तक. एवढी वल्ही कोण मारणार? त्यापेक्षा शपथ बरी, मॅजिस्ट्रेट तर काय हाकेच्या अंतरावर.