टॉर्च लावला, लाल दिसलं, मग गाठीचं काय?

"अगं, मी बघितलं ना टॉर्च लावून. सगळं लालच दिसलं. काही नाहीये." म्हसरूळहून आलेली आत्या आमच्या ओट्याशी मेथी निवडता निवडता हे म्हणाली, तेव्हा तिच्या छातीतली गाठ तीन महिन्यांची झाली होती. आत्याचं वय ५८. आणि हे ज्ञान कुठलं, तर भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च स्तनाला टेकवा. लाल उजेड आला तर निरोगी, काळा डाग दिसला तर कॅन्सर. परदेशात आता सगळं उजेडानेच तपासतात. मॅमोग्राफीनेच, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेनेच, कॅन्सर होतो. गाठ तपासायला सुई टोचली की तो पसरतो. दहा बहिणींना पाठवा.

आधी त्या लाल उजेडाकडे बघू, कारण आत्या तिथेच फसली. मी तिला बाथरूममध्ये नेलं, दिवा घालवला आणि टॉर्चवर तिचंच बोट ठेवलं. बोट पेटल्यासारखं लाल. म्हटलं, "आता यातलं हाड दाखव." तिने बोट फिरवून फिरवून पाहिलं. हाड काही दिसेना. बोटाच्या मधोमध चांगलं टणक हाड आहे आणि त्याची धड सावलीसुद्धा पडत नाही! रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड शोषून घेतं, तांबडा पुढे जातो, म्हणून बोट लाल दिसतं. पण तो उजेड सरळ जात नाही. मांसात शिरला की थोड्याच अंतरात चहूकडे विखुरतो, दुधाच्या ग्लासातून पलीकडचं बघावं तसं होतं. बोटाएवढ्या जाडीत हाड लपतं, तर स्तनात खोलवर असलेली हरभऱ्याएवढी गाठ कुठून दिसणार? उलट शिरा आणि मुका मार लागून साकळलेलं रक्त काळं दिसतं. म्हणजे निरोगी बाई घाबरणार आणि गाठवाली निर्धास्त होणार.

ही युक्ती नवीही नाही. १९२९ साली न्यूयॉर्कच्या मॅक्स कटलर या सर्जनने स्तनामागे दिवा लावून बघण्यावर लेख लिहिला होता. पुढे त्याची यंत्रंही निघाली, पण मॅमोग्राफीपुढे ती टिकली नाहीत. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने स्तन तपासायच्या असल्या दिव्यांना सर्वाधिक जोखमीच्या, तिसऱ्या वर्गात टाकलंय. दिव्याने कुणी भाजत नाही हो, पण 'सगळं ठीक' समजून बाई घरी बसते.

'परदेशात उजेडानेच तपासतात' यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. मेंदूच्या काही गाठींच्या ऑपरेशनआधी रुग्णाला एक औषध पाजतात; निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी-लाल चमकते आणि कुठवर कापायचं ते सर्जनला कळतं. पण तेव्हा कवटी उघडलेली असते. डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याचा ओसीटी, म्हणजे आतल्या थरांचा फोटो, काढतात, तोही प्रकाशानेच. पण डोळा मुळातच पारदर्शक. इतर मांसात तेच यंत्र एक-दोन मिलिमीटरपलीकडे बघू शकत नाही. आणि टॉर्चचा खरा उपयोग हवाच असेल तर काकांना तोंड उघडायला लावा. चाळीस वर्षं तंबाखू मळताहेत. गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच दाखवायला न्या.

मॅमोग्राफीच्या किरणांचं म्हणाल, तर एका तपासणीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे घरी बसून सातेक आठवड्यांत निसर्गातून मिळतात तेवढे. सुईने कॅन्सर पसरतो याला आधार नाही, आणि सुईवाचून गाठ कसली आहे हे ठरत नाही. झालं.

यंत्राची भीतीच वाटत असेल तर हात आहेत. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या साधारण निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, बस. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, तेही सांगते. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या बायकांसाठी अशी तपासणी ठेवलेली आहे. आत्याला तर कुणी शोधून द्यायचीही गरज नव्हती. गाठ तिच्याच हाताला लागली होती, आणि विश्वास ठेवला टॉर्चवर!

परवा मॅमोग्राफी झाली. "दाबतात मेलं फार," बाहेर येऊन ती म्हणाली. हे मात्र खरं, आणि नेमकं हेच त्या मेसेजमध्ये नाही. सुईची तारीख गुरुवारची मिळालीय. भजनी मंडळाच्या ग्रुपवर मी आत्याच्याच फोनवरून तिच्या लाल बोटाचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय: यातलं हाड शोधून दाखवा.