‘दोनशे फुटांवरून पडून कोणी मरतं का?’ हो, मरतं

जमिनीखालचं पाणी किंवा खनिज शोधणारं सर्व्हेचं हेलिकॉप्टर कुठेही कोसळलं की जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो. “हेलिकॉप्टर जेमतेम दोनशे फुटांवर होतं. इंजिन बंद पडलं तरी पंखा फिरत राहतो, ते अलगद उतरतं. दिवसाउजेडी एवढ्या मोठ्या तारा दिसत नाहीत का? ब्लॅक बॉक्सही मिळत नाही म्हणतात. म्हणजे पाणी मुरतंय.”

आधी उंचीचं. पंखा फिरत राहतो, हे खरं, पण फुकट नाही. इंजिन गेलं की पायलटला एक-दोन सेकंदांत डाव्या हाताचा कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन कमी-जास्त करणारा दांडा, खाली दाबावा लागतो, नाहीतर पात्यांचा वेग उतरतो आणि तो परत येत नाही. मग खालून वर येणाऱ्या हवेवर पाती फिरत ठेवायची, पुढचा वेग साधारण 60 नॉट, म्हणजे ताशी 110 किमीच्या आसपास राखायचा, जमिनीजवळ नाक उचलून वेग मोडायचा आणि शेवटी कलेक्टिव्ह ओढून पात्यांत उरलेला जोर एकदाच वापरायचा. हे सगळं करायला उंची तरी हवी, नाहीतर वेग तरी हवा. दोन्ही नसेल तर काय होतं, ते प्रत्येक हेलिकॉप्टरच्या मॅन्युअलमधल्या उंची-वेगाच्या आलेखात छापलेलं असतं. एका इंजिनाच्या हलक्या हेलिकॉप्टरसाठी, एका जागी तरंगताना, हा धोक्याचा पट्टा ढोबळमानाने 10 ते 400 फुटांचा असतो. मॉडेल, वजन आणि हवेप्रमाणे आकडे बदलतात. दोनशे फूट म्हणजे या पट्ट्याचा ऐन मध्य! पाती पुरती निकामी झाली तर तेवढ्या उंचीवरून जमीन साडेतीन सेकंदांत येते, ताशी 120 किमीच्या वेगाने.

भूजल किंवा खनिज शोधणाऱ्या विद्युतचुंबकीय सर्व्हेत हेलिकॉप्टरखाली दोरांना मोजणीच्या उपकरणाचं भलंमोठं रिंगण लटकवलेलं असतं. रिंगण जमिनीपासून सुमारे 30-40 मीटरवर, हेलिकॉप्टर त्याच्या तितकंच वर, वेग ताशी 80-100 किमी. सरळ रेषेत हा वेग पुष्कळदा तारून नेतो. घात होतो रेषेच्या टोकाला वळताना आणि डोंगराची कड चढताना, कारण तिथे वेग पडतो, त्यात वारा पाठीमागून आला तर आणखीच. रिंगण सोडून द्यायचं बटण असतं, पण ते दाबण्यात जाणारा क्षण कलेक्टिव्हच्या क्षणातूनच वजा होतो.

आता तारा. दीपनगरच्या वीज केंद्रातून निघणाऱ्या किंवा धुळ्याकडच्या 765 केव्हीच्या लाइनीतल्या जाड वाहक तारा एकवेळ दिसतात. पण मनोऱ्याच्या माथ्यावरून विजेपासून संरक्षणासाठी जाणारी अर्थवायर बोटाएवढीच जाड असते. पायलट खालच्या तारा पाहून वर ओढतो आणि नेमका हिच्यात सापडतो. म्हणूनच नियम असा की लाइन ओलांडायची ती मनोऱ्याच्या डोक्यावरून, दोन मनोऱ्यांच्या मधून नाही. तारेपेक्षा मनोरा आधी नजरेत येतो. सातपुड्यातल्या दऱ्यांत एक मनोरा या कडेवर, दुसरा पलीकडे झाडीत, मधली तार आभाळाच्या रंगात मिसळलेली. साक्रीकडच्या पवनचक्क्या लांबून दिसतात, पण वारा मोजायच्या बारीक खांबाला आधार देणाऱ्या ताणतारा दिसत नाहीत. तार कापणारी पाती काही हेलिकॉप्टरांच्या नाकावर असतात. तार समोरून, ठरावीक कोनात आली तरच ती चालतात. शेपटीच्या पंख्यात तार गेली तर त्यांचा उपयोग शून्य.

मेसेजमध्ये उन्हाचं नावही नाही, आणि खान्देशात तेच आधी विचारायला हवं. जळगाव समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या आसपास. मे महिन्यात पारा 45 वर गेला की हवा इतकी विरळ होते की हेलिकॉप्टरला आपण साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. तोरणमाळच्या पठारावर 38 अंशांना हाच हिशेब सात हजार फुटांपलीकडे जातो. इंजिनाची ताकद घटते, पात्यांची पकड घटते, आणि रिंगणाचं वजन तेवढंच राहतं. म्हणून जाणती पथकं उन्हाळ्यात पहाटे उडतात, इंधन अर्धवट भरतात आणि दुपारी काम बंद ठेवतात.

ब्लॅक बॉक्सचं उत्तर छोटं आहे. हलक्या हेलिकॉप्टरांवर तो बसवणं अनेकदा बंधनकारकच नसतं. तपास करणारे मग जीपीएसची नोंद, सर्व्हेच्या उपकरणातला डेटा, पात्यांवरचे ओरखडे आणि तारेचे तुटलेले टोक पाहतात. त्याला महिने लागतात. आणि आपल्याकडे घाई किती? जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ प्रशिक्षणाचं विमान कोसळलं, तर कितीतरी जणांनी हेलिकॉप्टर पडलं म्हणूनच मेसेज पुढे पाठवला.

गावाला करता येण्यासारखं एक काम मात्र आहे. सर्व्हेआधी पथक वीज कंपनीच्या नकाशावरून तारा टिपून घेतं. विहिरीवरून नाल्यापलीकडच्या केळीत स्वतः ओढलेली सर्व्हिस वायर त्या नकाशात नसते. ती कुठून कुठे जाते, किती उंच आहे, कोणत्या झाडाला बांधली आहे, हे पथक उडण्याआधी तलाठ्याकडे किंवा थेट त्यांच्या तळावर जाऊन सांगावं.