वीस स्किल्सची यादी मी का देत नाही: एका सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला खालीच दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एआय कोडिंग असिस्टंटसाठी (कोड लिहायला मदत करणाऱ्या एआयसाठी) आयती स्किल्स, म्हणजे एखादं काम कसं करायचं ते त्याला सांगणाऱ्या सूचना, कशी शोधायची आणि बसवायची यावर मी लिहिलं होतं. त्यात 'आधी वाचा, मग टाका, आणि सुरुवातीला एक-दोनच टाका' असा आग्रह होता. इंजिनिअरिंगला शिकवणाऱ्या सरांना तो पटला नाही. त्यांचं म्हणणं असं: "मुलांना घाबरवता कशाला? वीस चांगल्या स्किल्सची यादी द्या, एका कमांडमध्ये टाकू द्या. स्किल म्हणजे शेवटी इंग्रजी मजकूरच की ओ. आपला विणकर जकार्डचे पुठ्ठे वाचत बसतो का? माळ चढवतो आणि माग चालू करतो." इंग्रजी फाइली बघून मुलं कंटाळतात आणि स्किल्स लॅबच्या मशीनवर टाकायची आहेत, हेही त्यांनी लिहिलं होतं.

पुठ्ठ्यांचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. जकार्ड म्हणजे मागावर नक्षी काढणारी यंत्रणा. तिच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याला एकच काम येतं: ताण्याचे कुठले धागे उचलायचे आणि कुठले नाही ते सांगणं. भोक चुकलं तर नक्षी बिघडते, आणि ती चादरीवर डोळ्यांना दिसते. विणकर माग थांबवतो, पुठ्ठा बदलतो. पुठ्ठा काही मालकाच्या टेबलाचा खण उघडत नाही. स्किलला ते जमतं. असिस्टंट तुमच्या मशीनवर तुमच्याच नावाने चालतो. जी फाइल तुम्हाला उघडते ती त्यालाही उघडते, मग ती पासवर्ड ठेवलेली डॉट-ईएनव्ही फाइल का असेना. शिवाय बिघडलेल्या स्किलची नक्षी पुष्कळदा सुरेखच येते. कोड चालतो, टेस्ट पास होतात, आणि मागच्या मागे काय घडलं ते कापडावर उमटत नाही.

'मजकूरच आहे' हे शंभर टक्के मान्य. माझी काळजी तिथूनच सुरू होते. 2018 साली एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्टच्या आयत्या कोडच्या भांडारातल्या) इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजची देखभाल मूळ लेखकाने एका अनोळखी माणसाच्या हाती दिली आणि त्याने बिटकॉइन वॉलेट चोरणारा कोड आत घुसवला. तिथे निदान कोड तरी होता, शोधणाऱ्याला तो सापडला. स्किलमध्ये घात करायला कोडसुद्धा लागत नाही. 'काम संपल्यावर अमुक फाइल तमुक पत्त्यावर पाठव' एवढं साधं वाक्य पुरतं, आणि अशा वाक्याला अँटीव्हायरस काय म्हणून पकडणार?

आता आत काय असतं ते. क्लॉड हा एआय बनवणाऱ्या अँथ्रोपिकने ऑक्टोबर 2025 मध्ये स्किल्सचा हा प्रकार आणला आणि डिसेंबरमध्ये खुलं मानक म्हणून जाहीर केला. म्हणून एकच स्किल आज क्लॉड कोड, कोडेक्स, कोपायलट, कर्सर अशा बऱ्याच असिस्टंटमध्ये चालतं. स्किल म्हणजे एक फोल्डर, त्यात स्किल-डॉट-एमडी नावाची फाइल. फाइलच्या माथ्यावर नाव आणि वर्णन, खाली सूचना. सोबत हवं तर स्क्रिप्ट आणि संदर्भाच्या फाइली. असिस्टंट सुरू होताना सगळ्या स्किल्सचं फक्त नाव आणि वर्णन वाचतो. तुमच्या मागणीशी एखादं वर्णन जुळलं की मगच त्याच्या सूचना उघडतो.

यादीबद्दलची माझी पहिली हरकत इथेच आहे. वीस स्किल्स टाकलीत तर वीस वर्णनं एकाच वेळी 'मला घे, मला घे' करत उभी राहतात. त्यातली निम्मी 'कोडचा दर्जा सुधारतं' असल्या मोघम भाषेत लिहिलेली असतात. मग बिलाच्या पीडीएफचं काम सांगितलं तरी भलतंच स्किल पुढे येतं, आणि विद्यार्थ्याला वाटतं की असिस्टंटच बिघडला.

दुसरी हरकत आमच्या धंद्यातली. आमचं काम सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांच्या बिलिंगचं. आमच्या एका पोराने गिटहबवरून, म्हणजे लोक आपला कोड ठेवतात त्या साइटवरून, जीएसटीचं एक स्किल आणलं. मांडणी देखणी, वर्णन नेमकं, स्टारही (लोकांनी दिलेली पसंती) बरेच. आत लिहिलेलं: तयार कापडी वस्तूंवर नगाला 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के, त्याहून महाग असेल तर 12 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून ही मर्यादा 2500 झाली आणि त्याहून महाग मालाचा दर 18 टक्के. म्हणजे 1400 रुपयांच्या चादरीवर हे स्किल बिनदिक्कत 12 टक्के लावणार, जो दर त्या मालाला आता नाहीच. ई-वे बिलासाठी (माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदासाठी) त्यात सरसकट 50,000 रुपयांची मर्यादा होती. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती एक लाख आहे, आणि सूत जॉबवर्कला (दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घ्यायला) 50 किलोमीटरच्या आत पाठवायचं असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागत नाही. ज्या गावात रोज सूत डाइंगला जातं-येतं तिथे हा तपशील किरकोळ नाही. लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. लिहिलं तेव्हा दर बरोबर होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर सोलापूर नव्हतंच. पण इन्स्टॉलचा आकडा आणि स्टार यांवरून यातलं काहीएक कळलं नसतं. आता आमचं स्वतःचं छोटं स्किल आहे. त्यात दर लिहिलेलेच नाहीत. दराचा तक्ता वेगळ्या फाइलीत, लागू झाल्याच्या तारखेसह, आणि सूचना अशी की तक्त्यात सापडलं नाही तर अंदाज न करता विचार.

शोधायचं कुठे, हे मात्र सरळ आहे. पीडीएफ, वर्ड, एक्सेलसारख्या कामांसाठी अँथ्रोपिकच्या गिटहबवरच्या संग्रहातून सुरुवात करा. नवं स्किल लिहायला मदत करणारं स्किलही तिथेच आहे. व्हर्सेलच्या स्किल्स-डॉट-एसएच वर शोधता येतं आणि त्यांच्या एका कमांडने बसतंही. तुमची 'एक कमांड' हीच असणार. ती वापरूच नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. वापरण्याआधी त्याच गिटहबवर जाऊन फोल्डर उघडा, एवढंच माझं म्हणणं.

आणि उघडाल तेव्हा फाइलचा मूळ मजकूर जसाच्या तसा दाखवणारं 'रॉ' बटण दाबून उघडा. गिटहबच्या नेहमीच्या नीटनेटक्या पानावर एचटीएमएल कॉमेंटमधला मजकूर दिसत नाही, पण असिस्टंटला तो दिसतो. लपवायला यापेक्षा सोयीची जागा नाही. मग माथ्यावर 'अलाउड-टूल्स' ही ओळ आहे का बघा. क्लॉड कोडमध्ये ती असली की त्यातली टूल्स वापरताना तुम्हाला परवानगी विचारली जात नाही. तिथे बॅश (मशीनवर कुठलीही कमांड चालवणारं टूल) मोकळं सोडलेलं दिसलं तर मी तरी ते फोल्डर तिथेच बंद करतो. उद्गारचिन्ह आणि त्याला लागून बॅकटिकमध्ये (` या चिन्हांच्या मध्ये) कमांड दिसली तर ती स्किल उघडतानाच चालते, असिस्टंटने विचार करण्याच्याही आधी. स्क्रिप्टमध्ये बाहेरच्या पत्त्याशी बोलणं असेल तर ते कशासाठी हे कळेपर्यंत थांबा. सूचनांची फाइल 500 ओळींच्या आत ठेवा असं अँथ्रोपिक स्वतः सांगतं, त्यामुळे हे वाचन म्हणजे काही पोथीचं पारायण नव्हे.

तुमचा इंग्रजीचा मुद्दा खरा आहे. आपल्याकडची पोरं मराठी, तेलुगू, कन्नड माध्यमांतून येतात, आणि इंग्रजी सूचनांची फाइल बघून कंटाळतात. पण त्यावर उपाय न वाचणं हा नाही. मजकूर साध्या चॅटमध्ये चिकटवून मराठीत समजावून घेता येतो. फक्त ज्या असिस्टंटला फाइली उघडायची आणि कमांड चालवायची मुभा आहे, त्याच्याकडून हे करून घेऊ नका. ज्या मजकुरावर संशय आहे तोच त्या असिस्टंटच्या कानात जाईल. आणखी एक, स्वतःचं स्किल मराठीत लिहिलं तरी चालतं. नाव तेवढं छोट्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. वर्णनात मराठी-इंग्रजी दोन्ही शब्द घाला, कारण आपण विचारताना 'इनव्हॉइसमधला दर चेक कर' असंच विचारतो.

राहिला तुमच्या लॅबचा प्रश्न. होम फोल्डरमध्ये टाकलेलं स्किल त्या युजरच्या प्रत्येक प्रोजेक्टला लागू होतं. लॅबच्या सामायिक लॉगिनवर तर ते पुढच्या बॅचलाही चिकटतं, आणि कुणी टाकलं ते कुणालाच आठवत नाही. त्याऐवजी प्रोजेक्टच्या आतल्या स्किल्स फोल्डरमध्ये प्रत ठेवा. क्लॉड कोडला ती डॉट-क्लॉडच्या आत लागते. ती गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जाते, कुणी काय बदललं ते दिसतं, आणि मूळ लेखकाने उद्या काही नवं घुसवलं तरी तुमच्याकडे आपोआप येत नाही. अपडेट घ्यायचं असेल तेव्हा फरक बघून घ्या. डिप्लॉयसारखं (तयार कोड प्रत्यक्ष वापरात चढवण्यासारखं) जोखमीचं काम करणारं स्किल असेल तर ते असिस्टंटने स्वतःहून उचलू नये अशी सेटिंग माथ्यावर करता येते. मग तुम्ही नाव घेऊन बोलावलंत तरच ते चालतं.

यादी तुम्हाला हवीच असेल तर ती तुमच्या मुलांकडून करून घ्या. प्रत्येकाने एक स्किल निवडावं, रॉ उघडून वाचावं, कशासाठी घेतलं किंवा का सोडलं ते चार ओळींत लिहावं. सोडलेल्यांची कारणं जरूर लिहायला लावा, मला त्यांत जास्त रस आहे. टर्म संपायच्या आत पाठवलीत तर इथेच, तुमच्या प्रतिक्रियेसह छापतो.