सिलिंडर की नवरा

नवऱ्याची उंची पाच फूट अकरा इंच आहे. लग्न जमत होतं तेव्हा ही गोष्ट आमच्या घरच्यांनी जमेच्या बाजूला लिहिली होती. आता व्हॅन घ्यायची म्हटल्यावर ती खर्चाच्या बाजूला आली.

दोघंही निवृत्त, मुलगा नोएडाला. व्हॅनच्या मागच्या भागात गादी टाकायची, एक शेगडी ठेवायची आणि महिनोन् महिने हिंडायचं, ही कल्पना माझी. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, मग गोकर्ण, मग पुढचं पुढे. पैसा पेन्शनचा, त्यामुळे गाडी कमी पिणारी हवी, ही अट नवऱ्याची. कल्पना लगेच मागे पडली आणि अट घरात पाय पसरून बसली. त्याने एक्सेल उघडलं. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसासमोर कधीही कोरी शीट उघडू नये.

व्हॅन घेणार म्हटल्यावर कुठे जाणार, कधी निघणार, हे एकानेही विचारलं नाही. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "किती देते?" शेजारच्या काकूंनीसुद्धा. त्यांच्याकडे सायकलही नाही.

आता ती किती देते, हे मुळात कुठे ठरतं ते आम्हा कोथरूडकरांना चांगलं ठाऊक आहे. सकाळी फिरायला जातो त्या टेकडीला लोक वेताळ टेकडीइतकंच सहज एआरएआयची, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेची टेकडी म्हणतात. 1966 साली सुरू झालेली ही संस्था तिथेच आहे आणि तिच्या प्रमाणपत्रातला आकडा देशभरच्या जाहिरातींत झळकतो. आकडा खोटा नसतो, फक्त तो खोलीत काढलेला असतो. गाडी रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. वीसेक मिनिटं ठरलेल्या तालावर पळवतात, आधी गावातल्यासारखी थांबत-थांबत, मग हमरस्त्यासारखी, तीही ताशी 90 च्या आत. एसी बंद. खड्डा नाही, ताम्हिणी नाही, चांदणी चौक नाही, टपावर तंबू नाही आणि शेजारच्या सीटवर "डावीकडे घे, डावीकडे घे" म्हणणारं कोणी नाही. अशा परिस्थितीत मीही चांगलं अ‍ॅव्हरेज देईन.

पहिली पसंती अर्थातच फोर्सच्या ट्रॅव्हलरला होती. कंपनी आकुर्डीची, म्हणजे घरचीच. तिचं नाव बजाज टेम्पो होतं त्या काळातल्या मॅटाडोरमधून आमच्या अख्ख्या वाड्याने अष्टविनायक केले होते, त्यामुळे मी आधीच हळवी झालेले. ट्रॅव्हलरमध्ये नवरा ताठ उभा राहिला, हात वर करून बघितले आणि त्याचा चेहरा उजळला. मग त्याने डिझेलचं विचारलं. दहा-बारा देते म्हटल्यावर तो ताठ माणूस माझ्यादेखत आखडला. वर पिवळ्या पाटीची असेल तर परराज्यात शिरताना परवाना आणि कर. ट्रॅव्हलर शीटमधून गेली.

जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते म्हणून तिचाही एक रकाना होता. पण दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, दिल्ली परिसरात 2015 साली मनाई केली आणि तेव्हापासून हा विषय कोर्टात वर-खाली होतो आहे. मुलाच्या दारात गाडी नेता येईल की नाही, हे आधी वकिलाला विचारायचं, असलं पर्यटन मला नको होतं. मारुतीच्या ओम्नीचं नावही निघालं. 1984 ला आली, 2019 ला बंद झाली, इंजिन जेमतेम 796 सीसीचं. ती दोन माणसं, पाण्याचे कॅन आणि संसार घेऊन आंबोलीचा घाट चढेलही, पण आम्ही उतरून ढकलायला तयार असू तर.

राहिली मारुतीचीच ईको. लांबी 3,675 मिलिमीटर, रुंदी 1,475, इंजिन पुढच्या सीटखाली. कंपनीचा आकडा पेट्रोलवर लिटरला 19.71 आणि सीएनजीवर किलोला 26.78. हा दुसरा आकडा बघून नवऱ्याने चष्मा पुसला. गंमत अशी की एक लिटरच्या आणि दुसरा किलोच्या हिशोबाचा. किलोभर सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलची ताकद असते, त्यामुळे सव्वीस ऐकून गाडी एकदम शहाणी झाली असं समजायचं कारण नाही. सीएनजी स्वस्त पडतो हे खरं, पण दूध लिटरने आणि चक्का किलोने आणून कशात जास्त आलं, असं आपण घरी विचारत नाही. हे मी त्याला समजावलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि सीएनजीचा रकाना हिरवा केला.

मग आम्ही शोरूममध्ये गेलो, सोबत शिवणकामाची टेप.

"मॅडम, सीएनजीच घ्या. सव्वीस पॉइंट सेव्हन एट," विक्रेता मुलगा म्हणाला.

"झोपता येतं का?" मी विचारलं.

त्याला प्रशिक्षणात हा प्रश्न आला नसावा. त्याने मागचं दार उघडलं. आत सीटच्या मागे आडवं, गाडीची जवळजवळ अख्खी रुंदी व्यापून, सिलिंडर. लठ्ठ, शांत, हक्काने बसलेलं. नवरा चपला काढून आत शिरला. पुढची सीट सरकवली, मागच्या सीटवर पाठ टेकली, गुडघे दाराला लागले. मग तिरका झाला. तिरका झाल्यावर डोकं सिलिंडरच्या बाजूला गेलं आणि एक पाय सरकत्या दारातून बाहेर आला. मी त्या पायाच्या अंगठ्यापासून टेप लावली. शेजारी नवी गाडी घेऊन नारळ फोडायला थांबलेलं एक कुटुंब हे सगळं बघत होतं. त्यातल्या आजी पुढे येऊन मला हळूच म्हणाल्या, "पडले का हो?"

"मागची सीट काढली तर?" आतून आवाज आला.

"सर, सिलिंडर तरीही राहतं."

"आणि सिलिंडर काढलं तर?"

"मग ती पेट्रोल गाडी झाली, सर."

गाडीत एक तर सिलिंडर मावेल, नाही तर नवरा. इंधन जितकं वाचवावं तितकी झोपायची जागा कमी, हा या खरेदीतला सगळा पेच आणि तो एक्सेलमध्ये कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. मुलाने ईको कार्गो सुचवली. मागे सपाट जमीन, सीटच नाही. पण तिची नोंदणी मालवाहू. म्हणजे आंजर्ल्याला रात्री कोणी टॉर्च मारून "आत काय आहे?" विचारलं, तर नवरा दाखवून "माल" म्हणावं लागणार.

दिरांचं मत पडलं की अ‍ॅव्हरेज गाडीत नसतं, पायात असतं. "वहिनी, उतारावर न्यूट्रल करायचं. खंबाटकी मी फुकटात उतरतो." इंजेक्टरच्या, म्हणजे आजकालच्या गाडीत हे साफ उलट आहे. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की उतारावर इंजिनाला पेट्रोल जाणं जवळपास थांबतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहतं आणि थेंब थेंब पीत बसतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर. हे मी दिरांसमोर गॅरेजवाल्या काकांकडून वदवून घेतलं. काका म्हणाले, "ताई बरोबर बोलतायत." दीर म्हणाले, "जुन्या गाड्यांना लागू होतं." त्यांची गाडी गेल्या वर्षीची आहे.

मग वजनावर गाडी आली. नवऱ्याने स्वयंपाकघरातला काटा काढून माझं सामान मोजायला घेतलं. पोळपाट एक किलो शंभर. खलबत्ता काट्याच्या क्षमतेबाहेर. "हा नको," तो म्हणाला. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, तेही निम्मं करू म्हणाला. टपावर कॅरिअर नको, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. हे सगळं बरोबरच आहे. मी फक्त त्याला काट्यावर उभं राहायला सांगितलं. तो म्हणाला, हा काटा पाच किलोपर्यंतचाच आहे. मी म्हटलं, बाहेर मेडिकलच्या दुकानात मोठा आहे. ब्याण्णव भरला. खलबत्ता मंजूर झाला.

शेवटी हिशोब मी केला, पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. वर्षाला 12,000 किलोमीटर फिरलो असं धरा, तेवढं फिरलो तर पायच धरेन कोणाचे तरी. 20 देणाऱ्या गाडीला 600 लिटर, 15 देणाऱ्या गाडीला 800. फरक 200 लिटर. पेट्रोल 105 रुपये धरलं तर 21,000. साध्या लॉजची खोली 1,500 ला धरली, तर हे पैसे झाले 14 रात्रींचे. म्हणजे एवढी जास्त पिणारी गाडी असली, तरी आत पाय पसरून झोपता आलं तर वर्षातल्या पहिल्या पंधरवड्यातच ती पैसे फेडते. नवऱ्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. चूक सापडेना, तेव्हा "हे शीटमध्ये टाकायला हवं," म्हणाला. बँकवाल्यांची शरणागती अशीच असते.

पेट्रोलची, पाच सीटची, जुनी ईको घेतली. सीएनजी सुटल्याचं मला यत्किंचित दुःख नाही. पंपावर रिक्षांच्या मागे रांग लावा, गॅस भरताना सगळ्यांनी उतरून लांब उभं राहा, दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करा, यात अर्धी भटकंती पंपावरच झाली असती. मागची सीट काढायची, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. आरसीवर लिहिलंय त्याहून गाडी वेगळी दिसता कामा नये. आरटीओत रीतसर अर्ज टाकला आहे. तिथल्या साहेबांनी तो वाचला, आमच्याकडे पाहिलं आणि "किती देते?" असं विचारलं. तोवर रात्रीपुरता तंबू.

परवा वेळासपर्यंत एक चक्कर मारून आलो. निघताना पंपावर नवऱ्याने टाकी काठोकाठ भरून घेतली. मग बाहेर उतरून, दोन्ही हात टपाच्या कडेला लावून, गाडी गदागदा हलवली, आतली हवा निघून आणखी थेंबभर मावावं म्हणून. पंपावरचा पोरगा नोझल धरून शांतपणे थांबला होता, त्याला हे नवं नसावं. पेट्रोल दोन दशांश स्थळांपर्यंत वहीत उतरलं. राजपुरीच्या खाडीशी आगरदांड्याहून दिघीला गाड्या नेणाऱ्या जंगलजेटीवर गाडी चढवली, इंजिन बंद केलं आणि बोट निघाली. सगळे कठड्याशी जाऊन जंजिरा कुठे दिसतो का ते शोधत होते. नवरा गाडीतच बसून राहिला.

"काय झालं?"

"अगं, आपण पुढे जातोय आणि पेट्रोल शून्य."

"मग चांगलंच आहे की."

"पण ओडोमीटरला कळतच नाहीये ना!"

पलीकडच्या काठावर उतरल्यावर त्याने तिकीटवाल्याला खाडीची रुंदी विचारली. त्याने आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, दादा, जी असेल ती सांगून टाका, मागे गाड्या थांबल्यात.