खोक्यावर 'इतर' लिहिणाऱ्यांनो…

पंचवीस वर्षांचा संसार हलवायचा आणि बांधाबांध सुरू कधी? टेम्पो दारात उभा राहिल्यावर! मग मिळेल त्या खोक्यात मिळेल ते कोंबायचं आणि वर मार्करने ऐटीत लिहायचं: 'इतर'. बावीस खोक्यांतली चौदा 'इतर'! नव्या घरात पहिल्या दिवशी चहाचं गाळणं शोधायला काय पुरातत्त्व खातं बोलवायचं?

पुस्तकं म्हणे टीव्हीच्या खोक्यात. उचललं की तळ फाटून ज्ञानगंगा थेट जिन्यात. अहो, जड वस्तू लहान खोक्यात भरतात. तळाला चिकटपट्टी उभी-आडवी दोन्हीकडून मारतात. एवढं काय अवघड आहे?

फ्रिजचे हाल तर बघवत नाहीत. आदल्या रात्री बंद करून, दार उघडं ठेवून बर्फ वितळू द्यायचा असतो. पण नाही! सकाळी सातला प्लग उपटायचा, टेम्पोत आडवा झोपवायचा आणि पोचल्या पोचल्या चालू. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत शिरलेलं असतं हो, ते खाली उतरेपर्यंत काही तास उभा राहू द्या की त्याला! वॉशिंग मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून घट्ट धरून ठेवणारे मागचे लांब बोल्ट? ते कधीच भंगारात गेले.

आणि लोखंडी कपाट. लिफ्टचं दार मोजलंय? जिन्याचं वळण? छे! अडकल्यावर मात्र अख्खी सोसायटी इंजिनिअर: "जरा तिरकं करा… तसं नाही, असं तिरकं!"