उपकारकर्त्याचे ऋण कसे फेडावे

मायक्रोसॉफ्टने ॲपलला जीवदान दिले, हे वाक्य आपण चारचौघांत अजून म्हणत नसाल, तर आजपासून म्हणू लागावे. 6 ऑगस्ट 1997 रोजी बॉस्टनच्या मॅकवर्ल्ड या ॲपलप्रेमींच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये 15 कोटी डॉलर गुंतवणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा समोरच्या कृतघ्न मंडळींनी चक्क हुर्यो उडवली. मागच्या अवाढव्य पडद्यावर बिल गेट्स यांचा प्रसन्न चेहरा प्रकटला होता आणि त्याच्यापुढे मंचावरचे जॉब्ज बाहुलीएवढे दिसत होते. आपण हुर्योकडे कानाडोळा करून तो पडदा तेवढा डोळ्यांसमोर ठेवावा.

श्रेय देताना रकमेचा आकडा मोठ्याने उच्चारावा, पण त्या वेळी ॲपलच्या तिजोरीत 100 कोटी डॉलरहून अधिक रोकड होती, हे पुटपुटूसुद्धा नये. त्या आर्थिक वर्षात ॲपलला सुमारे 100 कोटी डॉलरचा तोटा झाला, हे खरेच आहे आणि ते अवश्य सांगावे. बुडत्याला काडीचा आधार ही म्हण येथे चपखल बसते. काडी केवढी होती, असे विचारणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

कोणी चिकित्सक भेटलाच, तर पैशांचा विषय सोडून ऑफिस या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर संचाकडे वळावे. ॲपलच्या मॅक संगणकांसाठी ऑफिस आणखी 5 वर्षे काढत राहू, हे मायक्रोसॉफ्टचे वचन 15 कोटींपेक्षा कितीतरी मोलाचे होते (हे मी उपरोधाने म्हणत नाही, वर्ड आणि एक्सेल न चालणारा संगणक कोणत्या कचेरीने घेतला असता?). मात्र हे वचन इतके मोलाचे का ठरले, या खोलात जाऊ नये. तेथे मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यातले न्यायमूर्ती थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांचे नोव्हेंबर 1999 मधले निष्कर्ष वाट अडवून बसलेले आहेत. मॅकचे ऑफिस बंद करण्याची धमकी हेच ॲपलविरुद्धचे आपले सर्वात प्रभावी हत्यार आहे, असे मायक्रोसॉफ्टच्या आतल्याच एका अधिकाऱ्याने गेट्स यांना लिहिले होते, अशी त्यांत नोंद आहे. गावातल्या एकमेव विहिरीचा दोर ज्याच्या हाती असतो, त्याने दोर कापला नाही, तर तेही पुण्यच धरण्याची आपली जुनी रीत आहे. तीच येथे लावावी.

त्याच व्यवहारात ॲपलने मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररला मॅकवरचा मूळ ब्राउझर केले आणि दोन्ही कंपन्यांमधले पेटंटचे वाद मिटवले गेले, या बाबी किरकोळ म्हणून सोडून द्याव्यात. अमेरिकेचे न्याय खाते मायक्रोसॉफ्टच्या मक्तेदारीची चौकशी करत असताना आपलाच एक प्रतिस्पर्धी हातीपायी धड दिसणे किती सोयीचे असते, हा विचार तर मनाला शिवूही देऊ नये. मे 1998 मध्ये तो खटला दाखल झालाच, तो भाग वेगळा.

दातृत्वाचा निखळ पुरावा कोणी मागितलाच, तर शेवटचे पान उघडावे. मायक्रोसॉफ्टने ते शेअर आयफोन येण्याच्या बऱ्याच आधी विकून टाकले. ठेवले असते तर आज त्यांचे किती झाले असते, हा हिशेब रेडमंडच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयाच्या, कोणा पाहुण्यासमोर मांडू नये. निदान जेवण होईपर्यंत तरी.